चमत्काराच्या आधीची म्हैस

मार्गशीर्ष लागला की घरोघरी पारायणाची तयारी सुरू होते. पौर्णिमेला समाप्ती यावी अशा बेताने सप्ताह धरला जातो. बहुतेक घरांत वाटणीही ठरलेली असते: पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी एकविसापर्यंत, तिसऱ्या दिवशी एकोणतिसापर्यंत. म्हणजे तिसऱ्या दिवसाची सुरुवात होते ती बाविसाव्या अध्यायाने, वांझ म्हशीच्या कथेने. अध्याय लहान, कथा माहितीची, पुढे बरंच वाचायचं बाकी. त्यामुळे वाचणारा तो भरभर उरकतो आणि पुढे सरकतो. या अंकासाठी विषय विचारला गेला तेव्हा मी म्हटलं, मला त्या एकाच अध्यायापाशी थोडं थांबू द्या.

कथेची उजळणी करू. श्रीनृसिंहसरस्वती स्वामी गाणगापुरी, भीमा-अमरजेच्या संगमावर राहत होते. गावात एक अत्यंत गरीब ब्राह्मण होता. घरात धन म्हणावं असं काही असेल तर ती एक म्हैस. तीही वांझ, म्हातारी, दात पडलेली. नाकात वेसण घालून तिच्यावर खारी माती लादायची आणि त्या कामाला ती भाड्याने द्यायची. ते भाडं आणि कोरान्न यावर घर चाले. गावात सुखवस्तू घरं असताना महाराज याच्याच दारात भिक्षेला जात, म्हणून लोक नावंही ठेवत. एके दिवशी महाराज आले तेव्हा ब्राह्मण घरी नव्हता. बाईने आसन दिलं, थांबायची विनंती केली. महाराज म्हणाले, दारात म्हैस आहे, मग भिक्षेला दूध का घालत नाहीस? ती म्हणाली, महाराज, ही वांझ आहे, ओझी वाहण्यापुरती आम्ही ती पोसली आहे. महाराज म्हणाले, दोहून तर बघ. ती दोहायला बसली आणि दोन भांडी दूध निघालं.

काही वर्षांमागे कृष्णाकाठच्या एका गावी मी हा अध्याय सांगत होतो. प्रवचन संपल्यावर पुढच्या ओळीत बसलेले एक आबा उठले. पंच्याहत्तरीचे, सगळा जन्म शेतीत गेलेला. म्हणाले, “बुवा, एक इचारू का? म्हस दुधाला आली म्हणून सुटली. आली नसती तर दुसऱ्या दिवशी परत मातीच वाहिली असती की ती!”

मंडपात हशा पिकला. मला हसू आलं नाही, कारण आबांचं म्हणणं पोथीला धरूनच होतं. दुसऱ्या दिवशी माती वाहायला म्हैस मागणारी माणसं खरोखरच दारात आली होती. घरधन्याने त्यांना सांगितलं, आता ती दुभती झाली, आता देणार नाही. मग ही बातमी गावभर झाली आणि लोक बघायला लोटले. म्हैस कालचीच होती. तीच शिंगं, तेच पडलेले दात. आदल्या दिवशी तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. दूध आलं आणि तिची किंमत बदलली.

मग या अध्यायातून आपण घ्यायचं काय? चमत्कार हा महाराजांचा अधिकार. तो आपल्याला जमणारा नाही आणि जमावा अशी कोणाची अपेक्षाही नाही. आपल्या वाट्याला येते ती चमत्काराच्या आधीची म्हैस. गोठ्यात, रस्त्यावर, देवळाच्या दारात आपल्याला भेटणारी बहुतेक जनावरं तशीच असतात. भाकड, थकलेली, नाहीतर ओझ्याखाली वाकलेली. महाराज त्या दारात गेले तेव्हा ती म्हैस अशीच उभी होती, आणि तिच्याकडे त्यांचं लक्ष गेलं ते दूध येण्याआधी. मला वाटतं, आपल्या उपयोगाची कथा तिथवरच आहे. पुढची महाराजांची.

त्या गरीब घराला दोष द्यायचा माझा हेतू नाही, हेही सांगून ठेवतो. जनावराकडून काम घेणं यात मला अधर्म दिसत नाही. त्या घरात माणसांच्याच जेवणाची भ्रांत होती, तरी म्हैस विकली नाही, वाऱ्यावर सोडली नाही. काम घेतलं आणि पोसलं. आपल्यापैकी किती जणांना आज एवढं तरी म्हणता येईल?

आपल्या देवघरातली तसबीर डोळ्यांपुढे आणा. मागे गाय, पायांशी चार श्वान. चार श्वान म्हणजे चार वेद, गाय म्हणजे पृथ्वी, असं आपण मुलांना सांगतो. अर्थ खराच आहे. पण तो सांगून झाला की चित्रातलं कुत्रं कुत्रं राहत नाही, ही त्यात एक अडचण आहे. वेदांना नमस्कार करून बाहेर यायचं आणि चपलांपाशी झोपलेल्या वेदाला हाड करायचं, असं होऊन बसतं.

दुसरी गोष्ट चोवीस गुरूंची. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. हा अवधूत म्हणजे आपले दत्तप्रभूच, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. मी एकदा सहज मोजले. चोवीसपैकी अकरा गुरू हे पशू, पक्षी, कीटक, जलचर आहेत. कपोत, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, कुरर पक्षी, साप, कोळी आणि कुंभारीण माशी. आता त्यांतले पाच बघा. कपोताचं कुटुंब पारध्याच्या जाळ्यात सापडतं. हत्ती हत्तिणीच्या मोहाने पकडला जातो. हरीण पारध्याच्या गाण्याला भुलतं, मासा आमिषाला, आणि मधमाशीचं साठवलेलं मध दुसराच नेतो. यावरून आपण इंद्रियनिग्रहाचा, असंग्रहाचा बोध सांगतो. तो सांगायलाच हवा. पण जाळं कोणाचं, गळ कोणाचा, मध नेणारा कोण? माणूसच ना! म्हणजे या पाच गुरूंनी आपल्याला धडा दिला तो आपल्याच हातून पकडले जाताना. जिवंत गुरूला आपण दक्षिणा देतो. या गुरूंच्या दक्षिणेचं कोणी बोलत नाही.

आता पोथीतून रस्त्यावर येऊ. दत्तजयंतीला आपल्यातले पुष्कळ जण नरसोबाच्या वाडीला जातात. सांगलीकडून जा, जयसिंगपुराकडून जा, दोन्ही बाजूंनी रस्ता उसातून जातो आणि हंगाम नेमका तेव्हाच ऐन भरात असतो. गाडीची काच वर करून आपण नामस्मरण करत चाललेले, आणि समोर उसाने शिगोशीग भरलेल्या बैलगाड्यांची रांग. हॉर्न वाजवून आपण पुढे जातो. पुढच्या वेळी जरा सावकाश जा आणि बघा.

गाडी ओढणाऱ्या बैलाला ओझं नुसतं ओढावं लागत नाही. ते नीट भरलेलं नसेल तर मानेवर पेलावंही लागतं. पुढे जड झाली तर सगळा भार जुवातून खांद्यावर येतो. मागे जड, म्हणजे उलाळ झाली, तर जू वर उचललं जातं आणि गळ्यातलं जोतं आवळतं. उतारावर मागचं ओझं अंगावर येतं. डांबरी रस्त्यावर पत्री झिजली की खूर घसरतो. बैल गुडघ्यावर पडला तर दांडी, जू आणि मागचा सगळा ऊस घेऊन पडतो. रोज तेच जू त्याच जागी घासून खांदा सुजतो, मग कातडी जाते, मग जखम होते. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच जखमेवर जू ठेवलं जातं. याला शेतकरी खांदेसूज म्हणतात. बैल बोलत नाही, पण जू जवळ आणलं की मान चुकवतो. एवढं बघितलं तरी कळतं.

आणि गाडीवान? तोही बघा. बीडकडून, मराठवाड्यातून, दुष्काळी तालुक्यांतून बायको-मुलांसह आलेला. मुकादमाची उचल अंगावर आहे आणि ती टनावर फेडायची आहे. खेप कमी भरली तर उचल फिटत नाही. म्हणून मोळ्यांवर मोळ्या चढतात. या माणसाला क्रूर म्हणणं फार सोपं आहे, विशेषतः चहात साखर घालून. त्या गाडीला माणूस आणि बैल दोघेही जुंपलेले आहेत. एवढंच की माणसाला कधी ना कधी गावी जायचं आहे, बैलाला ते ठाऊक नसतं.

कायदा नाही असं नाही. १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला बंदी करणारा कायदा झाला आणि त्याखाली १९६५ मध्ये ओढकामाच्या जनावरांसाठी नियम आले. दिवसात नऊ तासांहून जास्त काम नाही. सलग पाच तासांहून जास्त नाही, मध्ये विसावा हवा. ऊन सदतीस अंशांच्या वर गेलं तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. टोकदार काठी वापरायची नाही. ओझ्यालाही मर्यादा घातली आहे. साठ वर्षं झाली या नियमांना. शेवटची पराणीची आर तुम्ही कधी मोडलेली पाहिलीत, सांगा!

हे बोललो की मला हमखास विचारलं जातं, आम्ही देवळात जाणारी माणसं, यात काय करणार? करण्यासारखं बरंच आहे. तुमच्यातल्या कित्येकांचा स्वतःचा ऊस आहे. फडात गाडी भरताना तुमच्याच बांधावर तुम्ही उभे असता. “बास, आता वर नको,” एवढं मालकाने म्हणायला कोणाची परवानगी लागते? कित्येक जण कारखान्यांचे सभासद आहेत, सभेला जातात, दर मागतात. दर मागावाच. त्याच सभेत गाडीतळावर पाण्याचा हौद, सावली आणि जनावरांचा डॉक्टर मागितला तर कोणी हसणार नाही. आणि चढावर गाडी अडकलेली दिसली, तर चार धडधाकट माणसांनी खाली उतरून चाकाला हात लावावा. दर्शनाला दहा मिनिटं उशीर होईल.

दुसरं, भाकड जनावराचं. यावर बोललं की वातावरण लगेच तापतं, म्हणून मी सरळ सांगतो. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईप्रमाणे बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. म्हशीला मात्र तशी सरसकट बंदी नाही. बाविसाव्या अध्यायाच्या भक्तांनी हे ध्यानात ठेवावं. बंदीने मारणारा हात थांबवता येतो. गव्हाणीत वैरण टाकायला मात्र दुसराच हात लागतो. मोठ्या जनावराला दिवसाला पंधरा-वीस किलो हिरवा चारा लागतो, वर पाच-सहा किलो कडबा आणि पन्नासेक लिटर पाणी. दुधाचा पैसा येत नाही आणि खाणं थांबत नाही. दोन एकरवाल्याने हे कुठून आणायचं? मग रात्री दावं सोडलं जातं. संकरित गाईच्या गोऱ्ह्याची गत तर आणखी वाईट. त्याला वशिंड नीट येत नाही, जू बसत नाही, म्हणून शेतीला कोणी घेत नाही. म्हशीचं हालगं दुधाच्या वाट्यातून बाजूला ओढलं जातं आणि उपासमारीनेच जातं. काही जण अशी वासरं आणून देवळाच्या आवारात सोडतात आणि म्हणतात, देवाला सोडलं. मंडळी, देवाला सोडायचं तर त्याच्या पोटापाण्याची तजवीज करून सोडावं. नाहीतर ते टाकून देणंच आहे, आणि टाकायला आपण दत्ताचं दार निवडलं एवढंच.

तिसरी गोष्ट अगदी आपल्या घरातली, गोग्रासाची. ग्रास म्हणजे घास. सणाच्या दिवशी मात्र मी बघतो, देवळाच्या गल्लीतल्या गाईपुढे पुरणपोळ्यांची चळत, भाताचे ढीग, शिऱ्याचे द्रोण. प्रत्येकाला आपलाच नैवेद्य तिच्या तोंडी जायला हवा असतो. गाईचं पोट चाऱ्यासाठी घडलेलं आहे. शिजलेला भात, पिठाचं, गोडाचं एकदम भारंभार गेलं की पोटात आंबतं, पोट फुगतं, रवंथ थांबतो, आणि वेळेवर उपाय झाला नाही तर जनावर जातं. पुण्य ज्याचं त्याच्या खात्यावर, आणि गाय आडवी. एक घास द्या. बाकीच्या पैशांची हिरव्या चाऱ्याची पेंढी घ्या. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उकिरड्यावर अन्न टाकू नका. गाईला पिशवी सोडता येत नाही, ती पिशवीसकट गिळते. ते पोटात पचत नाही, बाहेरही पडत नाही, साठत जातं. जनावरांचे डॉक्टर पोट फाडून त्या पिशव्यांचे गोळे बाहेर काढतात. पिशवीवर कधी कधी मिठाईच्या दुकानाचं नाव अजून वाचता येतं.

आपल्या संप्रदायाशी जवळचं एक नाव इथे आठवतं. एकनाथ महाराज हे जनार्दनस्वामींचे शिष्य, आणि जनार्दनस्वामी दत्तभक्त. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड नाथांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. आपण ती सांगतो तेव्हा कावडीचा त्याग सांगतो. मला त्यात गाढव महत्त्वाचं वाटतं. गाईला पाणी पाजलं असतं तर कोणी कथा केली नसती. गाढवापासून कोणाला पुण्य मिळत नाही.

कुत्र्यांबद्दल थोडंच बोलतो. चावलेल्या माणसाचं दुःख मी हलकं मानत नाही. चावल्यावर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा, अंगारा नंतर लावावा. पण त्यावरचा उपाय उकळतं पाणी फेकणं हा नव्हे. देवळाच्या परिसरातल्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस करून घेणं हे नगरपालिकेच्या मागे लागून विश्वस्तांना करता येतं. काही ठिकाणी ते होतंही आहे.

आणि कोण काय खातो, त्याच्या ताटाकडे मी बघत नाही. तो ज्याचा त्याचा विचार. तरी सायकलीच्या हँडलला पाय बांधून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या बाजारच्या दिवशी बघतो, तेव्हा वाटतं, मरेपर्यंत ती जिवंत आहे ना? गुरुवार पाळणाऱ्याने बुधवारी एवढं तरी बघावं.

त्या आबांच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी नीट देऊ शकलो असं नाही. म्हणालो, आबा, महाराज आले नसते तर ती माती वाहत राहिली असती, हे खरं. पण महाराज येऊन गेले आहेत ना, आता आपण काय करायचं ते बोलू. त्यावर ते काही बोलले नाहीत, मान हलवून बसले.

पुढच्या वर्षी त्याच गावी गेलो तेव्हा त्यांनी मला घरी नेलं. मागच्या अंगणात छपराखाली एक म्हैस बांधलेली होती. भावकीतल्या एकाने विकायला काढलेली, दोन वर्षं गाभण न राहिलेली. आबांनी आणि शेजारच्या तीन घरांनी मिळून ती ठेवून घेतली होती. आठवडा वाटून घेतलेला. प्रत्येकाकडे ठरलेल्या दिवसांची वैरण, उरलेला एक दिवस गावच्या दत्तमंदिरातून, दक्षिणापेटीतल्या पैशांतून. विश्वस्तांत त्यावरून वाद झाला, एकाने राजीनामाही देऊ केला. “आता देतोय गप,” आबा म्हणाले.

ती म्हैस यंदाही आहे, निरोप आला होता. दाढा झिजल्यात, म्हणून कडबा बारीक तोडून, भिजवून घालावा लागतो आणि ते काम आबांच्या सूनबाईंकडे आहे. दूध काही देत नाही.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥